क्रूझचा भाव आणि खरा चुकारा: विदर्भातल्या गावातून स्वस्तात जहाजाची सफर कशी ठरवायची

बाजार समितीत कापसाचा भाव पुकारतात एक आणि हमाली-तोलाई वजा होऊन हातात पडतो दुसरा. क्रूझच्या जाहिरातीचं गणित तसंच, फक्त उलटं. इथे पुकारलेला भाव लहान असतो आणि हमाली-तोलाई नंतर वर चढत जाते. बंदराचा आकार (म्हणजे शुल्क), जीएसटी, टिप, इंधन अधिभार असं सगळं धरून शेवटच्या पानावर जो आकडा येतो, तोच भाव. त्यातही नागपूर ते मुंबई रेल्वेने सुमारे 840 किलोमीटर, आणि गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाला त्याहून जास्त. म्हणून आपल्यासाठी स्वस्त-महाग ठरवायचं ते घराच्या फाटकापासून परत फाटकापर्यंत. हे मोजमाप धरलं तर जाहिरातीतल्या निम्म्या 'ऑफर' आपोआप गळून पडतात आणि काही महाग दिसणाऱ्या सफरी स्वस्त निघतात.

पहिलं काम: बंदर निवडा, जहाज नंतर

मुंबई, चेन्नई आणि परदेश असे तीन दरवाजे.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज 2021 पासून चालतं. जहाज 1990 सालचं, म्हणजे जुनं. आजच्या परदेशी जहाजांच्या फोटोंशी त्याची तुलना करून जाऊ नका. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी असतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, कारण पुढे अरबी समुद्र खवळतो. देशांतर्गत सफरीला पासपोर्ट लागत नाही, पण आधार किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रत हवी. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. त्याचा अर्ज कंपनीमार्फत भरतात, त्यामुळे हे बुकिंग अगदी शेवटच्या आठवड्यात करू नये. आणखी एक गोष्ट आधीच लिहून ठेवा: लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला मोठं जहाज काठाला लागत नाही, लहान बोटीतून उतरवतात. लाटा जास्त असतील तर उतरणंच रद्द होतं. तसं झालं तर काय परत मिळेल, हे अटींमध्ये वाचल्याशिवाय केवळ लक्षद्वीपसाठी जादा पैसे मोजू नका.

पावसाळ्यात हेच जहाज साधारणपणे चेन्नईकडे जातं. पूर्व विदर्भाला हा दरवाजा मुंबईपेक्षा सोपा आहे, पण कोणी तिकडे पाहत नाही. तामिळनाडू एक्सप्रेस आणि ग्रँड ट्रंक एक्सप्रेस नागपूर आणि बल्लारशाला थांबतात. बल्लारशाहून बसलेला माणूस गाडी न बदलता चेन्नईला उतरतो. विशाखापट्टणम-पुदुच्चेरी ही देशातली सफर. श्रीलंकेची निवडली तर पासपोर्ट आणि तिकडची प्रवेशपरवानगी, दोन्ही लागतात. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या तारखांवर विसंबू नका.

परदेशात नवख्याला सोपं पडतं ते सिंगापूर, हिवाळ्यात दुबई. पांढरकवडा, वणीकडच्या लोकांनी विमान हैदराबादहून पाहावं. राष्ट्रीय महामार्ग 44 सरळ तिथे जातो, आणि मुंबईची एक फेरी वाचते. सिंगापूरहून सुटून मलेशिया किंवा थायलंड करून जहाज परत सिंगापूरलाच येतं. म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागा आणि हाती आल्यावर त्यावर तसं लिहिलंय का ते तपासा. दुबईसाठी पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नको. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर अमिरातीत पर्यटक म्हणून प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

पासपोर्ट नसेल तर जहाजाच्या मागे लागण्याआधी तो काढा. 36 पानांच्या साध्या पुस्तिकेची फी 1,500 रुपये, तात्काळला त्यावर 2,000. बऱ्याच जिल्ह्यांत टपाल कार्यालयातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, नागपूरची खेप लागेलच असं नाही. अडतं ते पोलीस पडताळणीत आणि नावात. आधारवर 'रामराव', टीसीवर 'रामभाऊ', आणि लग्नानंतर बाईंचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. आधी कागद एकसारखे करा. क्रूझचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाच्या अक्षराअक्षराशी जुळवून काढा, कारण नंतरच्या दुरुस्तीला बहुधा पैसे पडतात. निघायच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी.

फाटकापासून फाटकापर्यंतचा हिशेब

वहीचं एक पान घ्या. खालचे आकडे निव्वळ पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दारव्ह्याजवळच्या गावातलं एक जोडपं. पहिली सफर 2 रात्रींची, जाहिरातीत माणशी 18,000. दोघांचे 36,000. कर, बंदर आकार, टिप मिळून माणशी 6,500, म्हणजे 13,000. जहाजाचे झाले 49,000. आता बाकीचं: गाव ते बडनेरा जाणं-येणं 1,500, थर्ड एसीची दोघांची चार तिकिटं 5,600, मुंबईत आदल्या रात्रीची खोली आणि जेवण 4,000, टॅक्सी 1,000. हे 12,100. जहाजावरचा वरखर्च 3,000. एकूण 64,100. दोन माणसं, दोन रात्री, म्हणजे चारने भागा: एका माणसाची एक रात्र 16,025 रुपयांना पडली.

दुसरी सफर 5 रात्रींची, जाहिरातीत माणशी 40,000. दोघांचे 80,000, कर वगैरे 22,000, झाले 1,02,000. गावाकडचा खर्च तोच 12,100, वरखर्च 6,000. एकूण 1,20,100. दहाने भागा: 12,010.

जाहिरातीचा भाव धरला तर रात्रीमागे फरक फक्त 1,000 रुपयांचा दिसत होता (9,000 आणि 8,000). खरा फरक निघाला 4,000 च्या वर. कारण बंदर गाठायचा खर्च दोन रात्रींना लागतो तेवढाच पाच रात्रींना. दादरला राहणाऱ्याला शनिवार-रविवारची छोटी सफर परवडते, दारव्ह्याच्या माणसाला नाही. खिशात तेवढे पैसे नसतील तर छोटी सफर घ्या, त्यात वाईट काही नाही, पण ती 'स्वस्त' म्हणून घेऊ नका.

तारीख: इथे आपली बाजू वरचढ आहे

जहाजाचं भाडं विमानासारखं हलतं. केबिन रिकामी राहिली तर कंपनीचं नुकसान, म्हणून मागणी कमी त्या तारखा स्वस्त. नोकरदाराला सुट्टीशी बांधून घ्यावं लागतं. कास्तकाराचं तसं नाही.

महाग काळ ठरलेला: दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष, एप्रिलअखेर ते मे, आणि कोणताही जोडून आलेला शनिवार-रविवार. स्वस्त काळ त्याच्या मधल्या फटीत. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च बघा: दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे कुटुंबं घरी असतात आणि मुंबईचा समुद्रही शांत असतो. तेव्हा कापसाचा चुकारा आलेला, तूर निघालेली, हरभरा-गहू तेवढा बघायचा. मृगाच्या संत्र्याची तोड असेल त्यांनी मात्र आधी व्यापाऱ्याची तारीख पक्की करावी. आठवड्यात सोमवार ते गुरुवार सुटणारी सफर बहुतेक वेळा शुक्रवारच्या सफरीपेक्षा कमी भावाची असते.

शाळकरी मुलं असतील तर एक खास आपली फट आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाकीच्यांची मुलं वर्गात बसलेली असतात, आपली मोकळी. तेव्हा चेन्नईच्या सफरी बघा. सिंगापूरला मात्र हा डाव चालत नाही. तिथल्या शाळांना जूनमध्येच मोठी सुट्टी असते, त्यामुळे तिकडचे भाव चढेच राहतात. सिंगापूर जुलै-ऑगस्टमध्ये उतरतं. पेरणी आटोपून डवरणीच्या आधी चार दिवस काढणं ज्याला जमेल त्याने जमवावं.

मोठ्या परदेशी कंपन्यांच्या घसघशीत सवलती जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. तिकडे त्याला 'वेव्ह सीझन' म्हणतात. प्रवास तेव्हाच करायचा असं नाही, बुकिंग तेव्हा करून प्रवास पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला ठेवता येतो. विदर्भात हातात रोकड असायचे महिनेही तेच, हा योगायोग कामाचा आहे.

शेवटच्या घटकेचं स्वस्त तिकीट हे खरं असतं, पण त्याची यंत्रणा समजून घ्या. परदेशी कंपन्यांत पूर्ण रक्कम भरायची मुदत बहुधा निघण्याच्या 75 ते 90 दिवस आधी असते. ती उलटली की ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या केबिन सुटतात आणि भाव पडू शकतो. भाव पाहण्याची ही पहिली चांगली वेळ. अगदी शेवटच्या दोन आठवड्यांतला सौदा मुंबई-सिंगापूरकरांसाठी. आपण तोवर थांबलो तर जहाजात वाचलेले पैसे विमानाच्या किंवा तत्काळच्या तिकिटात जातात.

ऋतू बदलताना जहाजं युरोपातून आखाताकडे आणि परत जातात. त्या एकेरी सफरी रात्रीमागे फार स्वस्त पडतात. पण युरोपचा व्हिसा आणि परतीचं विमान धरता नवख्याने त्या नादी लागू नये.

केबिन

आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट (सर्वांत ऐसपैस खोली) असे चार दर्जे. मुख्य जेवणघर, पोहण्याचा तलाव, कार्यक्रम बहुधा सगळ्यांना सारखेच. दिवसभर माणूस डेकवर असतो, म्हणून पहिल्या वेळेला आतली केबिन पुरते. अडचण एकच: आत अंधार इतका की सकाळ झालेली कळत नाही. ज्याला बंद खोलीत गुदमरतं त्याने खिडकीची घ्यावी.

भाव माणशी लिहिलेला असतो, पण तो एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटा माणूस गेला तर बहुधा दोघांचं भाडं, किंवा त्याच्या आसपास, एकट्यालाच पडतं. त्यामुळे एकट्याने चांगला सौदा मिळवायचा सोपा उपाय म्हणजे जोडीदार शोधणं.

'तिसरा-चौथा मोफत' ही जाहिरात वाचताना दोन गोष्टी विचारा. त्यांचा बंदर आकार, कर आणि टिप किती? आणि ते झोपणार कुठे? तिसरा-चौथा बर्थ बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली उतरतो, रेल्वेच्या अप्पर बर्थसारखा. नातवंडांना मजा, आजीला नाही. चार मोठी माणसं असतील तर शेजारच्या दोन आतल्या केबिनचा भाव एका बाल्कनीच्या केबिनशी ताडून पाहा. पुष्कळदा फरक थोडा आणि स्वच्छतागृहं दोन मिळतात.

'गॅरंटी' केबिन म्हणजे दर्जा तुमचा, क्रमांक कंपनीचा. स्वस्त असते. पण बोट लागण्याचा त्रास असेल तर ही घेऊ नका. जहाज टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलतं, मधोमध आणि खालच्या डेकवर कमी. सुदैवाने खालच्या डेकच्या केबिन महागही नसतात. एसटीत घाटातही ज्याला मळमळतं त्याने मधली केबिन क्रमांकासह घ्यावी आणि गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरला आधी विचारून ठेवावं.

भाव कसा पाहत राहायचा

एक सफर, एक तारीख, एक दर्जा पक्का करा. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर दोन माणसांची नावं भरायच्या पानापर्यंत जा आणि शेवटची रक्कम वहीत लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की भाव हलतोय कसा ते कळतं. 'फक्त आज रात्री 12 पर्यंत' असं लिहिलेली सवलत पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने येते, हेही त्याच वहीत दिसेल.

50 टक्के सूट कशावर, हे वही सांगते. छापील भाव आधी फुगवून सूट देणं कपड्याच्या दुकानातही चालतं. अशा वेळी सूट किती ते बघू नका, शेवटची रक्कम बघा.

बुकिंग करताना परत मिळणारी अनामत घेतली तर थोडे जास्त पडतात, पण पूर्ण रक्कम भरायच्या मुदतीआधी भाव उतरला तर नव्या भावाने करून मागता येतं. कंपनी स्वतःहून फोन करणार नाही, मागावं लागतं. न परतणारी अनामत स्वस्त. पण घरात दुखणंखुपणं, पावसाचा भरवसा नाही, अशा स्थितीत ती महाग पडू शकते. रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के कापतील, तो तक्ता छापून घ्या.

गावातले निवृत्त शिक्षक, बचत गट, भिशीची मंडळी एकत्र जाणार असतील तर गटाचा भाव मागा. अनेक परदेशी कंपन्या 8 केबिन म्हणजे 16 माणसं झाली की गट धरतात आणि त्यात एखादी जागा सवलतीत किंवा मोफत देतात. ती जागा पुढारपण करणाऱ्याच्या खिशात जाते की सगळ्यांत वाटली जाते, हे पैसे गोळा करण्याआधी ठरवा. नंतर भांडणं होतात.

कोणाकडून घ्यायचं

कंपनीचं संकेतस्थळ आणि एजंट यांचा मूळ भाव बहुधा एकच असतो, कारण एजंटला कमिशन कंपनी देते. म्हणून वेगळी 'प्रोसेसिंग फी' मागितली तर का, हे विचारा. चांगला एजंट भाव कमी करत नाही, जहाजावर खर्चायला काही रक्कम जोडून देतो किंवा कागदपत्रांचं काम अंगावर घेतो. पहिल्या परदेशी सफरीला त्याचा उपयोग होतो.

पैसे देण्याआधी एवढं करा. एजंटचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा. पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. दोन दिवसांत जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून स्वतः पडताळा. एजंटने स्वतःच्या लेटरहेडवर छापलेली पावती म्हणजे केबिन नव्हे. 'तुमचा लकी ड्रॉ लागला, जोडीने हॉटेलात या' असं बोलावून क्लबचं सभासदत्व गळ्यात मारणाऱ्यांकडे फिरकूच नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

परदेशी सफर पॅकेज म्हणून घेतली तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलातच गोळा केलेला आयकर, कापला जातो. दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, बिलावर पाहून घ्या. तो खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. पॅन बरोबर दिला असेल तर तो तुमच्या नावावर जमा दिसतो आणि रिटर्न भरून वळता करता येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून जे रिटर्न भरत नाहीत त्यांचा हा पैसा तसाच पडून राहतो. त्या वर्षी रिटर्न भरा.

रेल्वे आणि आदली रात्र

सर्वांत महाग चूक इथे होते. जहाज उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. चढण्याची खिडकी सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी बंद होते आणि पैसे परत मिळत नाहीत. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोचते आणि जहाज दुपारी-संध्याकाळी सुटतं, म्हणून 'जमून जाईल' असं वाटतं. जमतंही, ज्या दिवशी गाडी वेळेवर असते त्या दिवशी. इगतपुरी-कसारा पट्ट्यात मालगाडी बंद पडली की चार तास गेले. एक रात्र आधी पोचा. खोलीचे दोन-तीन हजार हा सफरीचा विमाच समजा. जहाज जिथून सुटतं ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीहून टॅक्सीने अगदी जवळ आहे, त्यामुळे खोली फोर्ट-सीएसएमटी भागात बघा.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे परदेशी क्रूझचे पूर्ण पैसे भरून झाल्यावर. तिकीट मिळेल या भरवशावर पैसे अडकलेले असतात. म्हणून उघडण्याच्या दिवशी सकाळी 8 ला तयार राहा, आणि आयआरसीटीसी खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, कारण सुरुवातीची वेळ अशा खात्यांनाच मिळते. परतीचं तिकीट जहाज लागेल त्या दिवशी रात्रीच्या गाडीचं काढा, दुपारच्या नाही.

जहाजावर पैसा कुठे गळतो

मुख्य जेवणघराचं जेवण भाड्यात असतं. शाकाहारी मिळतंच, कॉर्डेलियावर जैनही मिळतं. पैसे लागतात ते दारू, बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंट, वाय-फाय, फोटो, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहलींना. पेयांचं पॅकेज घेण्याआधी दिवसाला किती प्याल ते खरं-खरं मोजा. बहुतेकांचं वसूल होत नाही. शिवाय काही कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना पॅकेज घ्यायलाच लावतात, म्हणजे माळकरी सासऱ्यांचेही पैसे भरा. घेणारच असाल तर निघण्याआधी ऑनलाइन घ्या, जहाजावर तेच महाग असतं.

अमेरिकी कंपन्यांत टिप दर माणशी दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर, आपोआप खात्यावर चढते. 18 धरली तर दोघांचे चार रात्रींचे 144 डॉलर. हा आकडा आधीच हिशेबात घाला. बाहेरची दारू, इस्त्री आणि विजेची शेगडी बॅगेत सापडली तर काढून घेतात. घरचे डबाबंद लाडू-चिवडा चालतो का ते त्या कंपनीला विचारा. शिजवलेलं अन्न बहुतेक ठिकाणी चालत नाही. गोव्याला उतरून फिरायला जहाजाची सहल न घेता चौघं मिळून टॅक्सी केली तर बरंच वाचतं, फक्त परत चढायच्या वेळेच्या दीड तास आधी गोदीत या.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्डच पैशाचं काम करतं आणि शेवटी तुमच्या बँक कार्डावर एकत्र बिल लागतं. त्यामुळे खर्च होताना जाणवत नाही. रोज रात्री झोपण्याआधी केबिनच्या टीव्हीवर किंवा स्वागतकक्षात खातं बघा. शेवटच्या रात्री पूर्ण बिल काढून घ्या आणि न घेतलेलं पेय, दोनदा लागलेला फोटो दिसला तर तेव्हाच काउंटरवर जा. सकाळी उतरायच्या वेळी तिथे मोठी रांग असते, आणि खाली उतरल्यावर तीच दुरुस्ती ई-मेल पाठवत महिनाभर चालते.